एक्कावन्नावं पान

धुळ्याच्या ज्या वाचनालयात मी नऊ वर्षं काढली, तिथं काही गोष्टी कुठल्याही नियमावलीत लिहिलेल्या नव्हत्या. त्यातली एक म्हणजे बायकांच्या खुणा.

आमच्या निम्म्याहून जास्त सभासद बायका होत्या, पण त्यातल्या फार थोड्या स्वतः येत. कुणाचा दीर यायचा, कुणाचा नवरा, कुणाची कॉलेजातून परतणारी मुलगी. आणणारा दिसेल ते पुस्तक उचलायचा आणि वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी जायचं. त्यावर बायकांनी आपला उपाय काढला होता. वाचून झालं की प्रत्येकीनं एका ठरलेल्या पानावर आपली खूण करायची. एक बाई सतराव्या पानाच्या कोपऱ्यात बारीक फुली मारत. एकीची शेवटच्या पानावर दोन टिंबं असत. देवपूरच्या अक्का एक्कावन्नाव्या पानावर, त्या आकड्याभोवती, पेन्सिलीनं गोल करत.

आमच्या ग्रंथपालांना, आबांना, या सगळ्या खुणा पाठ होत्या. पुस्तक देण्याआधी ते अंगठ्यानं पानं सोडत बरोबर त्या पानावर थांबायचे. खूण असली की पुस्तक परत कपाटात. मी हाताखाली लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पहिल्या महिन्यात त्यांनी मला रजिस्टर शिकवलं आणि दुसऱ्या महिन्यात या खुणा.

अक्कांची पुस्तकं नेण्या-आणण्याचं काम त्यांच्या नवऱ्याकडं होतं. त्यांना सगळे नाना म्हणत. ते गिरणीत फिटर होते. दर गुरुवारी सुटी झाली की पांझरा नदीच्या पुलावरून सायकल हाणत यायचे, हँडलला मेणकापडाची पिशवी. पिशवीत दोन पुस्तकं आणि अक्कांची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव क्वचितच असायचं. 'जाड बघून द्या' किंवा 'मागच्यासारखं नको' एवढंच.

आबा एक्कावन्नावं पान पाहत, तेव्हा नानांना वाटायचं, ते फाटकी पानं शोधताहेत. "भलताच तपासतस आबा," ते म्हणायचे, "आम्ही काय पुस्तकं खातस का?"

आबा म्हणायचे, "नाना, एखादं तुम्हीही वाचा कधी."

"मी बी वाचाले बसनू तं घरमा चूल कोन पेटाडी? एक वाचनारी पुरे शे."

असं वीस वर्षं चाललं होतं, असं आबा सांगायचे. मी त्यातली शेवटची तीन-चार पाहिली.

नंतर अनुदानासाठी वाचनालयाचा सरकारी वर्ग वाढवून घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी वरून तपासणी येणार होती. आदल्या तपासणीच्या शेऱ्यात एक वाक्य होतं: पुस्तकांच्या पानांवर वाचकांनी केलेल्या खुणा आढळल्या. त्याच सुमारास आबा निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर मला घ्यायचं की बाहेरचा माणूस आणायचा, यावर समितीत बोलणं चाललं होतं. आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला मुलीकडं गेले आणि पंधरा दिवस वाचनालय माझ्या एकट्याच्या ताब्यात आलं.

मी पेन्सिल खोडायची रबरं आणली आणि कथा-कादंबऱ्या आणि प्रवासवर्णनांची सहा कपाटं साफ केली.

मला खुणांचा उपयोग माहीत नव्हता असं नाही. आबांनी तो मला पुस्तकं उघडून दाखवला होता. तरी मी रोज दुपारी वाचकांची वर्दळ कमी झाली की टेबलावर थप्पी घेऊन बसायचो आणि पान सतरा, पान एक्कावन्न, शेवटचं पान, सगळं पुसत जायचो. रबराचा चुरा फुंकरीनं उडवायचो. मला ते काम आवडत होतं, हेही कबूल करतो. पान कोरं झालं की बरं वाटायचं. तपासणीला आलेल्या साहेबांनी चार पुस्तकं चाळली आणि 'पुस्तकं उत्तम स्थितीत' असं लिहिलं. आबा कामावर परत आलेच नाहीत आणि समितीनं मला त्यांच्या जागेवर घेतलं.

बायकांच्या तक्रारी यायला लागल्या. 'वाचलेलंच परत पाठवलंत.' मी उलट निरोप पाठवायचो की घरी वहीत नावं लिहून ठेवत जा. काहींनी वह्या केल्या. काहींनी वाचनालय सोडलं.

त्या दिवसांत नाना आले नव्हते. अक्का आजारी होत्या, हे मला उशिरा समजलं आणि गेल्याचं त्याहून उशिरा. सगळे दिवस आटोपल्यावर एका गुरुवारी नाना आले. तीच पिशवी, तीच दोन पुस्तकं. अक्कांकडं होती म्हणून ही दोन माझ्या रबरातून सुटली होती.

नानांनी त्यातलं एक टेबलावर उघडून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते घरी वाचून पाहिलं होतं. "भाऊ, हाऊ गोल तिनं करेल शे का?"

मी सांगून टाकलं. खुणेची पद्धत, अक्कांचं पान, आबांचं तपासणं, सगळं. मला माहीत असलेली गोष्ट सांगायला मिळाली म्हणून जरा उत्साहातच सांगितलं. नाना त्या गोलावर बोट ठेवून ऐकत होते.

"म्हंजे तिनं वाचेल बठ्ठा पुस्तकं सापडतीन?"

सगळी सापडतील का, हे ऐकलं तेव्हा मला आठवलं, आपण काय केलं आहे ते. पण तोंडातून एवढंच निघालं, "सापडायला हवीत."

"मंग माले तीच दे. तिनं वाचेल बठ्ठं माले वाचनं शे. पयलेपासून."

देवघेवीच्या जुन्या वह्या पाहाव्यात असं मनात आलं, पण जागा पुरत नाही म्हणून त्या आधीच रद्दीत गेल्या होत्या. नानांना मात्र कुठल्या वहीची गरज वाटत नव्हती. ते कपाटापाशी जाऊन उभे राहिले आणि एकेक पुस्तक काढून एक्कावन्नावं पान पाहू लागले. फिटरचे हात होते, जाड बोटांचे. पानं उलटताना ते फार जपत होते. मी टेबलाशी बसून रजिस्टरमध्ये मान घालून होतो. दोन कपाटं झाली तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बाकावर बसले.

"इतलामा एकबी नही, भाऊ. मंग ईस वरीस मी काय लई जायी ऱ्हायंतू?"

वीस वर्षं मी काय वाहून नेत होतो, असं ते विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बायकोनं पुस्तकं न वाचताच परत पाठवली असतील की काय, अशी शंका त्यांच्या मनात आली होती, आणि ती मला स्पष्ट दिसत होती. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "नाना, पुस्तकं इकडची तिकडं झालीत. मी शोधून ठेवतो. पुढच्या गुरुवारी या."

पुढच्या गुरुवारपर्यंत मी तीन कादंबऱ्या निवडल्या आणि एक्कावन्नाव्या पानावर स्वतःच्या हातानं गोल केले. अक्कांचा गोल वर जरा उघडा राहायचा, तसाच.

नाना खूश झाले. त्यांचं वाचन हळू होतं, बोट ओळीखाली सरकवत वाचायचे, पण ते निवृत्त झाले होते आणि वेळ होता. मी एकामागून एक अशा अठरा पुस्तकांवर गोल केले. निवड करताना माझ्या डोक्यात एकच होतं की घरी बसणाऱ्या बाईला काय आवडत असेल. मग मी घरातल्या दुःखाच्या कादंबऱ्या निवडल्या. सासर, मन न कळणारा नवरा, आतल्या आत सोसणारी बायको. बायका असंच वाचतात, अशी माझी समजूत होती. अक्कांना मी जेमतेम दोनदा पाहिलं होतं.

चार-पाच महिने गेले. एका दुपारी नाना पुस्तक परत द्यायला आले आणि गेले नाहीत. वाचनकक्षात दोघेजण वर्तमानपत्रावर डुलक्या घेत होते. नाना माझ्यासमोर बसले.

"भाऊ, एक इचारू? ह्या बठ्ठा पुस्तकंसमा बाई रडतीच ऱ्हास. नवरा बोलत नही, नवरा दखत नही. तिले काय इतलं दुख व्हतं का?"

मी परत आलेलं पुस्तक रजिस्टरमध्ये मांडत राहिलो.

"मी तिले कधी इचारं नही," ते म्हणाले. "पुस्तक आनीसन द्यायचं, बस. ती वाचे, मी जेवीसन झोपी जाऊ. ती काय वाचस, दखाले पाहिजे व्हतं मी." मग म्हणाले, "तिनं माले सांगं नही, पुस्तकमा गोल करी ठेवं."

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि देवपूरला त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रबर, साहेब, माझी नोकरी, अठरा पुस्तकं. सांगताना माझी मान वर झाली नाही. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे ती रडनारी पुस्तकं तिन्ही नहीत?"

"अक्कांची नव्हेत. ती मी निवडली, नाना."

"मंग तिन्ही कोनती?"

तिची कोणती, ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. रात्रभर त्यांनी विचार केला असावा. यंत्राचा माणूस तो. म्हणाले, पेन्सिल पुसली तरी दाब राहतो. आम्ही खिडकीशी बसलो. पुस्तक तिरपं धरून एक्कावन्नाव्या पानावर ऊन घ्यायचं आणि आकड्याभोवती वळ दिसतो का बघायचं. स्वस्त, भुसभुशीत कागदावर काहीच दिसत नव्हतं. चांगल्या कागदावर दिसत होतं. नाना बोटाच्या टोकानं चाचपून पाहायचे आणि मान हलवायचे.

अशा आमच्या किती सकाळी गेल्या ते मोजलं नाही. सापडलेल्या पुस्तकांत रहस्यकथा निघाल्या. नर्मदेच्या खोऱ्यातल्या भटकंतीचं एक पुस्तक निघालं. विनोदी निघाली. भुताखेतांच्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक निघालं तेव्हा नाना कितीतरी दिवसांनी हसले. "भूतंस्नं वाचे? अंधारमा मोरीपर्यंत एकटी जाये नही ती."

शेवटी माझी अठरा उरली. त्यांत मी स्वतः जोर देऊन गोल काढले होते. माझा गोल पुसला तरी माझाच वळ राहत होता. त्याच्याखाली आधीचा काही होता की नाही, हे ऊन कसंही घेतलं तरी समजत नव्हतं. नानांनी अठराच्या अठरा एकदा पाहिली आणि माझ्याकडं वळले.

"तू पुसं तवय ह्यासमा तिना गोल व्हता का? खरं सांग."

मी शेकडो पानं पुसली होती, कुठलं कुठलं आठवणार. पण त्या अठरांतल्या एका कादंबरीचं आठवत होतं. तिचा कागद पातळ होता आणि एक्कावन्नावं पान पुसताना चुरगळून थोडं फाटलं होतं. मी ते चिकटपट्टीनं जोडलं होतं. पट्टी आता आमच्या दोघांच्या समोरच होती. त्या पानावरचा गोल मीच पुसला होता आणि तो अक्कांचा होता. जिच्याशी नवरा वर्षानुवर्षं बोलत नाही, अशा बाईची ती गोष्ट होती.

"नव्हता, नाना," मी म्हणालो. "एकातही नव्हता."

त्यांनी मान डोलावली. अठरा पुस्तकं स्वतः उचलून कपाटात लावली आणि भुताचं पुस्तक पिशवीत घालून पुलाकडं गेले.

नंतर मी जळगावला नोकरी धरली. नाना गेल्याचं मला तिथं मेहरूण भागातल्या माझ्या घरी पत्रानं समजलं. ते शेवटपर्यंत वाचत होते, असं पत्रात होतं. एका कादंबरीवरून बाईचं मन ओळखता येत नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण ते ठरवण्याचा हक्क नानांचा होता, आणि तो मी त्यांच्याकडून दोनदा घेतला. पहिल्यांदा नोकरीसाठी घेतला. दुसऱ्यांदा, 'नव्हता' म्हणताना, कशासाठी घेतला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.