टँकर आधी कुठे थांबवायचा

"माफी मागायला लावा, नाहीतर फील्डवर्कमध्ये नापास करा," प्रिन्सिपॉल मला म्हणाले. शेजारच्या खुर्चीत सरपंच चहा पीत बसले होते. मी उभीच.

माफी मागायची होती महादेवीने. बी.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाची माझी विद्यार्थिनी. चाकूरच्या किराणा दुकानदाराची लेक. या पदवीत निम्मा अभ्यास वर्गात आणि निम्मा गावात जाऊन होतो. त्यालाच फील्डवर्क म्हणतात. त्यात नापास म्हणजे वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं की शिक्षण बंद, लग्न, असं वडिलांनी तिला आधीच बजावलं होतं. मी तिची सुपरवायझर.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. साहेबांच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघायच्या आत दुष्काळ पडला. रेणापूरकडच्या एका गावात सरकारी टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. मग गावातल्या बायका पाणी शेंदायच्या. दलित वस्तीतल्या बायकांनी मात्र विहिरीपासून लांब, घागरी घेऊन उन्हात बसायचं. कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. तेही शेवटी, गढूळ उरल्यावर. प्यायच्या पाण्यासाठी!

महादेवीने एवढंच केलं. ड्रायव्हरला सांगून टँकर आधी वस्तीवर थांबवला. बायकांनी पाइपने पिंपं भरून घेतली आणि उरलेलं पाणी विहिरीत गेलं. लगेच सरपंच जीप घेऊन कॉलेजात हजर.

"ही पोरगी गावचा रिवाज मोडायली," ते म्हणाले.

"कोणता रिवाज?" मी विचारलं.

"मॅडम, विद्यार्थ्याने निरीक्षण करायचं असतं," प्रिन्सिपॉल मध्येच म्हणाले. "हस्तक्षेप नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच गृहस्थ वर्गात समतेवर घसा बसेपर्यंत बोलायचे.

गावासमोर माफी मागायची असं ठरलं. मी एकच अट घातली. टँकर सरकारी आहे, तर नायब तहसीलदारांनाही बोलवा. प्रिन्सिपॉलना त्यात कार्यक्रमाची शोभा दिसली असावी. त्यांनी लगेच होकार दिला.

मारुतीच्या पारासमोर गाव जमलं. नायब तहसीलदार साहेब आले, टँकरच्या ड्रायव्हरलाही बोलावलं होतं. वस्तीतल्या बायका कडेला उभ्या होत्या. महादेवी पुढे आली.

"मी माफी मागते. पण कशाची, ते आधी नीट सांगा."

"रिवाज मोडल्याची," सरपंच म्हणाले.

"कोणता?"

"समद्यांला ठावं हाय."

"साहेबांना न्हाई ठावं. त्यांना सांगा."

सरपंचांनी नायब तहसीलदारांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सगळं गाव जे रोज पाळत होतं, ते एकालाही तोंडाने म्हणता येईना. सरकारी माणसासमोर म्हटलं तर गुन्हा दाखल होतो, हे सगळ्यांना चांगलं माहीत होतं. करताना लाज नाही, सांगताना मात्र जीभ रेटेना!

"जाऊ द्या," शेवटी सरपंच म्हणाले. "लेकरू हाय."

तेवढ्यात वस्तीतल्या गयाबाई पुढे आल्या.

"ते ऱ्हाऊ द्या. उद्या टँकर आधी कुठं थांबनार, तेवढं साहेबांनी सांगावं."

साहेब ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "आधी वस्तीवर."

महादेवी पास झाली. लग्नही झालं, पण पदवी हातात आल्यावर. त्या उन्हाळाभर टँकर आधी वस्तीवर थांबला. विहीर मात्र वस्तीला होती तशी बंदच राहिली, आणि त्याचा मला अजूनही संताप येतो. पुढच्या वर्षी कॉलेजने त्या गावात विद्यार्थी पाठवणंच बंद केलं. कारण काय, तर गाव 'संवेदनशील' आहे. समाजकार्य शिकवायचं, पण समाजाला धक्का लावायचा नाही!

निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या बॅचला फील्डवर पाठवण्याआधी एक गोष्ट सांगत आले. कुणी रिवाज म्हटलं, की तो चारचौघांत पूर्ण वाक्यात सांगायला लावा.