खडीच्या रस्त्यावरचा जबाब

पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मी खरा घाबरलो तो निवृत्तीनंतर, आयर्लंडमध्ये, जावयाच्या शोधात.

लेक तिथे लेटरकेनीच्या इस्पितळात डॉक्टर; मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. त्या दिवशी तिला सुट्टी होती. जावई डोंगरापलीकडे समुद्राचे फोटो काढायला एकटाच गेला होता. परतीचा रस्ता खडीचा. दोन्ही बाजूंना दलदल, मैलोन्‌मैल ना झाड, ना घर. दोन वाजता मी फोन केला, "कुठवर आलास?"

"अर्ध्यात आलोय, बाबा. पोहोचतोच."

त्यानंतर फोन लागेना. साडेतीन वाजले. हिवाळ्यात तिथे साडेचारला अंधार पडतो आणि अंगणातलं पाणीसुद्धा गोठलं होतं.

शेजारच्या मेंढपाळाने जीप काढली. "ही'ल बी ग्रँड," म्हणजे काही होणार नाही त्याला, असं तो म्हणाला, पण चेहरा तसं सांगत नव्हता. रस्त्याच्या तोंडाशी दोन स्थानिक पोलीस आले होते. त्यांचा तर्क सरळ होता: दोनला तो अर्ध्यात होता, म्हणजे आमच्या बाजूचाच निम्मा रस्ता शोधायचा. चरात गेलेली गाडी रस्त्यावरून दिसत नाही, पायी बघत जावं लागतं. सगळा रस्ता पाहण्याइतका उजेड नव्हता.

जबाब पडताळल्याशिवाय धरायचा नाही, ही माझी जुनी खोड. लेकीला बाजूला घेतलं.

"तो अर्ध्यात आलोय म्हणतो, तेव्हा खरा कुठे असतो?"

"बाबा, आत्ता हे काय..."

"सांग."

ती रडायलाच लागली. "बूट घालत असतो! तुम्ही विचारलंत की घाबरतो तो. घरातसुद्धा तुमचा आवाज ठाण्यातलाच असतो."

म्हणजे तो पलीकडच्या निम्म्या रस्त्यातही असू शकत होता, आणि तिथे कुणीच बघणार नव्हतं. पोलिसांना आमच्या बाजूला ठेवून आम्ही जीप थेट पलीकडच्या टोकाला नेली आणि तिथून पायी मागे येऊ लागलो. मी देवाचं नाव घेत होतो.

तिसऱ्या वळणावर खडी खरवडलेली दिसली. खाली चरात गाडी कलंडली होती, पाणी सीटपर्यंत आलेलं. त्याचे ओठ निळे पडले होते. काच फोडून मी हाक मारली. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं आणि दचकला.

"सॉरी बाबा... मी निघालो नव्हतो तेव्हा."

तो वाचला. महिन्याभरात हिंडू-फिरू लागला.

माणसाकडून खरं कसं काढायचं, यावर मी नव्या पोरांना व्याख्यानं दिली आहेत. पण कमरेइतक्या गार पाण्यात मरणाची वाट पाहणारा माझा जावई मला बघून दचकला. कुठल्याही कोर्टात माझी मान इतकी खाली गेली नव्हती.