पाठीवरचा नायटा

पाठीवर मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही नेमक्या तिथेच नायटा उठला. डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं आणि म्हणाल्या, "काका, बुरशीचा संसर्ग आहे. टॉवेल वेगळा ठेवा, नाहीतर घरच्यांनाही होईल." मी मान डोलावली. ही गेल्यापासून घरात मी एकटाच, हे सांगायचं राहूनच गेलं.

घरी येऊन उलथन्याच्या दांड्याला मलम फासलं आणि आरशात बघत पाठीवर फिरवलं. बुरशीलासुद्धा पसरायला दुसरं माणूस लागतं. माझ्याकडे येऊन बिचारी फसली.

दोरीवर माझा एकच टॉवेल वाळत होता. मी कपाटातून हिचा टॉवेल काढला आणि माझ्या टॉवेलापासून लांब, दोरीच्या पार दुसऱ्या टोकाला घातला.