कस्तुराबाईंची टोपली

तुंग किल्ल्यावर तुम्ही काकडी खाल्ली असेल, तर ती कस्तुराबाईंचीच. दुसऱ्या कुणाची टाप होती तिथं टोपली मांडायची? वर माकडांचं राज्य. घाम पुसायला पदर उचलावा, तेवढ्यात निम्म्या काकड्या झाडावर. पण मावशींच्या दोन्ही बाजूंना वाघ्या आणि चिंगी ही कुत्री बसली की एक माकड जवळ फिरकायचं नाही.

मी पवनानगरहून तुंगपर्यंत वडापची जीप चालवतो. रविवारी पुण्या-मुंबईची पोरं मारुतीच्या देवळापाशी सोडतो. तिथून वाट चढते, ती नुसती कातळाची आणि उभी, एका अंगाला दरी. त्या वाटेवर या कुत्र्यांची रीत ठरलेली. चिंगी सगळ्यांच्या पुढं, वाघ्या सगळ्यांच्या मागं. कुणी दम लागून बसलं की वाघ्याही बसणार, आणि ते माणूस उठल्याशिवाय हलणार नाही. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर मावशी म्हणायच्या, "मीच की! माज्याबिगर हितं हाय कोन शिकवाया?"

गेल्या दिवाळीनंतर मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी चढ बंद केला. मावशींनी आधी डॉक्टरांचा उद्धार केला, मग टोपली सुनेच्या डोक्यावर दिली. अपेक्षा कुसगावची, धीट पोरगी. पण पहिल्याच रविवारी वाघ्या पहिल्या वळणावरून माघारी फिरला, त्याच्यामागोमाग चिंगीही, आणि दोघं मावशींच्या ओट्यावर येऊन बसली. वर माकडांनी टोपली साफ केली. पुढच्या खेपेला अपेक्षानं बिस्किटं चारली, गळ्यात दोरीही बांधली. वाघ्या दोरी चावून परत.

"कुत्र्यांना सून पसंत नाही," गाव हसलं. अपेक्षा रडकुंडीला आली. "आई, मला नाही जमायचं. बंद करू टोपली."

आयुष्यभर जपलेली टोपली अशी बंद होणार म्हटल्यावर मावशींचा चेहरा उतरला. पायाशी बसलेल्या वाघ्याकडं त्या बघत राहिल्या.

"तुजं काय चुकलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "ह्येच्या लेखी मीच मागं ऱ्हायलेय. मागं ऱ्हायलेल्याला सोडून ह्यो जायाचा न्हाई."

पुढच्या रविवारी मी पोरं सोडून जीप वळवत होतो. अपेक्षा वाटेला लागली होती. तेवढ्यात मावशी ठेवणीतलं पातळ नेसून, दुसरी टोपली घेऊन पुढच्या सीटवर चढल्या.

"चल पवनानगरला. स्टँडवर इकते. तितं काय कातळ न्हाई."

वाघ्या जीपमागं धावत सुटला. मला राहवेना, मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबलास तर बग!" मावशी कडाडल्या.

आरशात दिसलं, वाघ्या रस्त्यात थबकला. त्यानं जीपकडं पाहिलं, चढावरच्या अपेक्षाकडं पाहिलं. मग वळला आणि तिच्यामागं कातळावर चढू लागला. चिंगी केव्हाच पुढं गेली होती.

"ग्येला का?" मावशींनी समोर बघतच विचारलं.

"गेला."

"वळून बगितलं?"

"नाही, मावशी."

त्यांनी मांडीवरची टोपली सारखी केली.

"लय वाईट वाटलं रं," त्या म्हणाल्या. "पन काकड्या वाचल्या."

मग टोपलीतली एक काकडी काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली. "खा. आन् पैशे दे. नव्या जागंची भवानी हाय ही."