“ऐंशी सोड,” साहेब म्हणाले

दवाखान्याची जी वेबसाइट सांभाळायची माझी नोकरी, तीच मी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी स्वतःच्या हातांनी बंद पाडली. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, “फायरवॉलमध्ये ऐंशी आणि चारशे त्रेचाळीस सोड, बाकीचे पोर्ट बंद कर.” सोड म्हणजे नकोत, असं समजून मी आधी तेच दोन बंद केले. मग उरलेले. त्यात बावीसही गेला, ज्यातून मी माझ्या टेबलावरून सर्व्हरमध्ये शिरलो होतो! किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं म्हणा ना.

वेबसाइटवर डॉक्टरांची वेळ मिळेना, म्हणून झाडून सगळे पेशंट फोन करू लागले. ते सगळे फोन येतात ऑपरेटर काकूंकडे. अठ्ठावीस वर्षं त्या फोनच्या बोर्डावर. नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखतात. त्या दिवशी बारा वाजता त्यांच्या नातीची पोहण्याची पहिली शर्यत होती. अर्ध्या दिवसाची रजाही मंजूर होती.

“हे असंच वाजत राहिलं तर मी हलत नाही इथून,” काकू म्हणाल्या. “काय केलंस ते सांग.”

मी पोर्ट समजावू लागलो.

“अरे, एक्स्टेन्शन म्हण की! नंबर एकच, आत एक्स-रेला बारा, औषधांना चौदा.”

“तसंच. ऐंशीवर साधं बोलणं, चारशे त्रेचाळीसवर मधल्या कुणाला न कळणारं. साहेब ‘सोड’ म्हणाले, म्हणून...”

“शहाण्या, मी दिवसभर फोन आत सोडते, म्हणजे कापते का?”

“चुकलंच. पण आता सुधारू कसं? माझा आत जायचा बावीसही बंद झालाय.”

“समोर बसणाऱ्याला पोर्ट लागतो का रे?”

नाही लागत. सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला की झालं. हे मला सुचायला हवं होतं. सर्व्हरची खोली पूर्वी काकूंच्या फोन-बोर्डाच्या बॅटऱ्यांची. किल्ली अजून त्यांच्याच पर्समध्ये. ती आणि स्वतःचा कीबोर्ड देताना त्यांनी अट घातली, “सोमवारी सकाळी तासभर माझ्या बोर्डावर बसायचं.”

“दोन तास बसतो!”

अकराला दहा कमी असताना तिन्ही पोर्ट उघडले; बावीस फक्त आमच्या ऑफिसपुरता. बोर्डावरचे दिवे एकेक करून विझले. साडेअकराला काकू पर्स सावरत जवळजवळ पळतच निघाल्या.

दुपारी त्यांचा फोन आला. “चौथी आली रे!”

“किती जणींत?”

“पाच. पण पोहली बघ कशी!”

त्यानंतर चार सोमवार झाले. दर सोमवारी सकाळी सर्व्हरला नेमकी माझी फार गरज पडते. जिन्यावरून मांजराच्या पावलांनी जातो, तरी बोर्डामागून आवाज येतोच, “मी तुला सोडलेलं नाही हं!”

आता त्या शब्दाचा अर्थ मला नीट कळतो.