फोटोआधीचा प्रश्न

माझा उजवा डोळा शाबूत आहे तो त्या मॅडममुळे. हे आधी सांगून टाकतो.

"चुकलात तरी चालेल, फक्त डोकं हलवू नका," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते म्हणताना त्यांचीच मान सारखी हलायची. हाताचं काम शिकताना मेंदूत काय बदलतं, याचा त्या अभ्यास करत. चाकणच्या आमच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकणार असलेली पोरं त्यांनी निवडली होती. शिकण्याआधी एमआरआय मशीनमध्ये आडवं होऊन, सांगतील तशी बोटं हलवत मेंदूचा फोटो, शिकल्यावर पुन्हा एक.

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. ग्राइंडिंगवरून, म्हणजे लोखंड घासायच्या कामावरून, मला वेल्डिंगला घेणार होते, म्हणून त्या पोरांत मीही होतो. मला वाटलं, ही परीक्षाच आहे. फोटो बघून सुपरवायझर गावाला पाठवणार. जोडीदार म्हणालाच, "भावा, तुझा फोटो कोरा येतोय बघ."

मशीनच्या खोलीच्या दाराशी मॅडमनी विचारलं, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय?"

"नाई, मॅडम."

गेला होता, त्याच आठवड्यात. पण सांगितलं तर कामावरून काढतील, ही भीती.

"मग डोळा का चोळताय?"

"सवय हाय."

"सवय असती तर दोन्ही चोळले असते."

त्यांनी मला आत सोडलं नाही. एक्स-रे काढायला लावला. डोळ्याच्या जागी पांढरा ठिपका दिसला. "आत मोठं लोहचुंबक आहे. कण ओढला गेला असता, तर डोळा गेला असता." हे सांगताना त्यांची मान अजिबात हलली नाही.

डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या. कण निघेपर्यंत बाहेर बसून राहिल्या.

"सुपरवायझरला सांगणार का, मॅडम?"

"सांगणार. ग्राइंडिंगला चष्मे नाहीत, हे सांगणार. तुमचं नाव कशाला घेऊ?"

चष्मे आले. माझं काम टिकलं. पण डोळा बरा होईपर्यंत फोटोचे दिवस संपले, आणि मोठ्या मिनतवारीनं जमवलेल्या माणसांतला त्यांचा एक माणूस कमी झाला.

अभ्यास आटोपून त्या गेल्या. कुठे, ते इथे कोणालाच ठाऊक नाही. जुना नंबर लागत नाही. ठिणगी जवळून गेली की मी आजही दचकतो.

माझा उजवा हात आता वेल्डिंगला बसलाय, त्याचा शिकण्याआधीचा फोटो निघायचा नाही, म्हणून तो त्यांच्या उपयोगाचा नाही. डावा मात्र अडाणीच आहे. त्याला मी मुद्दाम काही शिकवत नाही. कधीतरी भेटतीलच, तेव्हा म्हणेन, मॅडम, हा तुमच्यासाठी राखून ठेवलाय.