तेल लावलेला तंग

चामड्याला खोबरेलाचा वास आला की मला आजही किनाऱ्यावरचा तो मांगर आठवतो. नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले, काहींची बातमी पेपरातही आली. पण मनात घर करून राहिलं ते हे प्रकरण, आणि याचा तर गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मालवण किनाऱ्यावर फौजदार होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत असे, आजही सांगतो. बापाने दुसऱ्यांच्या बागेत माड शिंपून मला बी.ए. केलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

त्या वर्षी देवबागच्या वाटेवर, ओहोटीच्या कडक वाळूत घोड्यांचं प्रदर्शन आणि दौडी ठरल्या होत्या. सावंतवाडीकडून, घाटावरून घोडे आले होते. गावकऱ्यांच्या कमिटीने सगळ्यांची खोगिरं, लगाम, रिकिबी एका मांगरात ठेवल्या. मांगर म्हणजे बागेतली सामान ठेवायची कौलारू खोली. किल्ली एका टांगेवाल्या चाचांकडे. त्यांची सारी हयात घोड्यांत गेलेली आणि माणूस विश्वासाचा, म्हणून कमिटीनेच त्यांना नेमलं होतं.

दौडीच्या आदल्या दिवशी दुपारी कट्टा गावचा एक दुकानदार ठाण्यात आला. तो कमिटीवर होता. बसायच्या आधीच म्हणाला, "सायब, दफेदाराच्या चेडवाच्या घोड्याचो तंग कोणीतरी कापल्यान!"

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. भर दौडीत तो तुटला तर खोगिरासकट स्वार खाली. दफेदार म्हणजे घोडदळातून निवृत्त झालेले आमच्या भागातले गृहस्थ. सैन्यात असताना घोड्यावरून पडून त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला होता. स्वतःला बसता येईना म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं. पुरुषांच्या दौडीत उतरणारी ती एकटीच मुलगी.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

दुकानदाराने आवाज खाली आणला. "किल्ली कोणाकडे आसा ता बगा. टांगेवाल्याचो भाचो त्याच दौडीत धावतासा. आनी काय सांगू?"

ठाणे दैनंदिनीत नोंद केली, हवालदारांना घेतलं आणि निघालो. वाटेत हवालदार म्हणाले, "सायब, म्हशीच्या चोरीचो पंचनामा केलंय, होडयेचो केलंय. खोगिराचो ह्यो पयलोच."

मांगरापुढे गर्दी होती. एक जण ओरडला, "ह्येका आत टाका, नायतर आमी घोडे काडून नेतो!" दुसऱ्या बाजूला चाचांच्या मोहल्ल्यातली माणसं हाताची घडी घालून गप्प उभी होती. मला त्या ओरडण्यापेक्षा हे गप्प राहणं जास्त जड वाटलं. आज चाचांना ठाण्यात नेलं, तर उद्या ते निर्दोष सुटले तरी त्यांच्या टांग्यात कोण बसणार होतं?

दोन पंच बोलावून पंचनामा केला. मांगराचं कुलूप शाबूत, कौलं जागच्या जागी. तंग अर्ध्याहून अधिक कापलेला. मी तो जप्त केला आणि चाचांना बाजूला माडाखाली नेऊन बसवलं.

"चाचा, मांगरात कोण आलं होतं?"

"परको कोण नाय इलो, सायब."

"आणि घरचं?"

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "माका ठाण्यात घेवन चला. पण आनी काय इचारू नका."

चौकशीत मी एक गोष्ट पाहिली आहे. स्वतःला वाचवणारा माणूस चार नावं पुढे करतो. दुसऱ्याला वाचवणारा माणूस स्वतःचे हात पुढे करतो. चाचा कोणाला तरी वाचवत होते. कोणाला, हे त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं.

मी तंग उन्हात धरून पुन्हा पाहिला. पहिली गोष्ट, काप वरच्या अंगाने होता. ज्याला स्वाराला पाडायचं आहे तो आतून, घोड्याच्या अंगाकडून कापेल, म्हणजे आवळताना दिसणार नाही. हा काप कोणाच्याही नजरेत भरेल असा होता. दुसरी गोष्ट, बोट फिरवलं तर ते तेलकट झालं. पट्ट्यावर खोबरेल होतं, यात नवल नाही. पण कापाच्या आतसुद्धा होतं, चांगलं चोळून मुरवलेलं. म्हणजे कोणीतरी आधी तंग कापला आणि मग त्याला नीट तेल लावलं!

वैऱ्याला कापलेल्या चामड्याची काय काळजी?

आणि मला माझी आई आठवली. कॉलेजला जाताना माझ्याकडे चामड्याच्या चपलांचा एकच जोड होता. सुट्टीत घरी आलो की ती रोज संध्याकाळी त्यांना खोबरेल चोळायची. खारा वारा चामडं खातो, आठवडाभर कोरडं राहिलं तर चिरा पडतात. एकदा चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती चांभाराकडे टाकायची होती, तरी आईने आधी तेल लावलं. हात सवयीने चालतो, तो विचारत नाही. म्हणजे हा तंग कोणाच्या तरी घरी जाऊन आला होता, आणि त्याचं घर एकच, दफेदारांचं.

मी हवालदारांना चाचांजवळ थांबवलं आणि एकटाच दफेदारांच्या घरी गेलो. दफेदार अंगणात मुलीची समजूत काढत होते. तिचे डोळे लाल झाले होते. मी त्यांना तिथेच राहू दिलं आणि पडवीत त्यांच्या पत्नीसमोर बसलो. मुद्दाम घरच्या बोलीत विचारलं, "वैनी, तंगाक तेल तुमीच लावलास मां?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "होय. आनी कापलंय पण मियाच. भाजी चिरूच्या ईळयेर."

अंगणातून दफेदार लंगडत आत आले. "तू? कित्याक गो?"

"कित्याक? तुमचो पाय मोडलो तेवा तुमी शुद्धीर नव्हतास. मी होतंय!" त्या एकदम मोठ्याने बोलल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चेडू माझा रोज तंग हातात घेवन बगता, मगेच बसता. म्हणान वरच्यान कापलंय, दिसाक होया म्हणान. तंग नाय तर दौड नाय. चाचांक सांगलंय, घरी न्हेवन तेल लावन परत हाडतंय. बिचाऱ्यान दिल्यान."

"आणि कापल्यावर तेल कशाला लावलं?" मी न राहवून विचारलं.

त्यांनाच नवल वाटलं. "तेल नाय लावता चामडा घराभायर कसा जातला, सायब?"

मी म्हटलं, "वैनी, तिकडे चाचांना लोक धरून बसलेत. तुमचं नाव घेण्यापेक्षा चाचा स्वतः आत जायला तयार आहेत."

पुढे मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि माझ्यापुढे चालू लागल्या. मांगरापाशी साऱ्या गर्दीसमोर म्हणाल्या, "मियाच कापलंय. ह्येंचो काय एक दोष नाय." आणि तिथेच रडू लागल्या. दुकानदार चपलेने वाळू उकरत राहिला.

चाचा उठून पुढे आले. "वैनी, तंगच कापलास, कोणाची मान नाय. मगे रडतास कित्याक?" गर्दीत पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. चाचांनी भाच्याला हाक मारली, "रे, तुझो दुसरो तंग हाड. ह्या चेडवाक लागतलो."

भाचा क्षणभर घुटमळला. त्याच दौडीत तो होता. मग गेला आणि घेऊन आला.

दफेदारांनी तक्रार नसल्याचा जबाब दिला. चाचांचा या प्रकाराशी संबंध नाही, अशी नोंद मी दैनंदिनीत केली आणि कमिटीला मोठ्याने वाचून दाखवली. एक नियमही घालून दिला. सामान मांगराबाहेर कोणी नेणार नाही, अगदी घरचं माणूसही. तेल लावायचं ते तिथेच, राखणदारासमोर. आणि खोगीर चढवण्याआधी स्वार व राखणदार दोघांनी प्रत्येक पट्टा हाताने तपासायचा. पुढे माझ्या हद्दीत घोड्यांचं काहीही असलं तरी मी हाच नियम लावला.

दुसऱ्या दिवशी दौड झाली. मुलगी बसण्याआधी चाचांनी स्वतः तंग ओढून पाहिला. तिची आई समुद्राकडे तोंड करून उभी होती. अगदी शेवटी मात्र तिने मान वळवलीच. पहिला आला चाचांचा भाचा. मुलगी तिसरी आली, आणि सर्वांत मोठा गलका तिच्यासाठी झाला.

पुराव्यात काय घडलं ते बघायला खात्याने शिकवलं. ते करताना करणाऱ्याच्या मनात काय होतं, तेही वस्तूवर उमटतं, हे मी त्या तंगावरून शिकलो. ते वाचता आलं ते आईच्या हाताखाली वाढलो म्हणून. माझ्या डिग्रीचा मला अभिमान आहे, पण त्या दिवशी कामी आलं ते घरचं. आईचे आणि चाचांचे उपकार मी विसरलेलो नाही. चाचा चिडले असते, तर ते गाव पुन्हा एक करणं कुठल्याच फौजदाराला जमलं नसतं.

पुढच्या आठवड्यात बाजारात चाचांचा टांगा दिसला. टांग्यात माणसं होती, ते बघून बरं वाटलं. मी विचारलं, "चाचा, भाच्याचा तंग परत मिळाला का?"

"मिळालो, सायब," ते हसून म्हणाले. "वैनीन सोता हाडून दिल्यान. तेल लावन."